चार नंबरच्या टेबलावरची घंटा

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल संध्याकाळी घडलं ते, क्रमाने :

१. बोईसरच्या ‘दर्याराज’ बारमध्ये, फॅमिली रूममध्ये, प्रश्नमंजूषेचा पहिला गुरुवार होता. केदारच्या टीममध्ये मी, सपना आणि प्रदीप. टेबल नंबर चार.
२. प्रश्न आला : महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?
३. प्रदीपला उत्तर येत होतं. तो म्हणाला, “खारीसारखा… मोठा… या झाडावरून त्या झाडावर… तो…” आणि थांबला.
४. वेळ संपत आली.
५. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदावर ‘शेकरू’ लिहिलं.
६. उत्तर बरोबर. एक गुण.
७. त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत प्रदीप बोलला नाही.

सहाव्या मुद्द्यापर्यंत मला सगळं ठीक वाटत होतं. सातवा सपनाने बाहेर आल्यावर दाखवला.

“तू त्याच्या हातातून पेन्सिल काढलीस,” ती म्हणाली.

“गुण मिळाला ना.”

“गुण मिळाला. माणूस गेला त्याचं काय?”

सपना माहीमची, म्हणजे केळव्याजवळच्या. आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. बोलताना समोरच्याच्या हाताला धरायची तिला सवय आहे, त्यामुळे वाद लवकर संपवता येत नाही.

‘दर्याराज’पासून माझी खोली चालत दहा मिनिटांवर आहे. केदारने मोटरसायकलवरून सोडलं. तो उमरोळीला राहतो, ते बरोबर उलट्या दिशेला. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, वाटेतच आहे. वाटेत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

गोष्टी नीट मांडल्या की विचार सोपा जातो, म्हणून मांडते.

प्रदीप आठ वर्षं आमच्या कारखान्यात पॅनेलवर होता. पॅनेल म्हणजे नियंत्रण कक्षातल्या पडद्यांसमोरची खुर्ची. रिअ‍ॅक्टरमध्ये काही चढलं-उतरलं (आर-एक, आर-दोन असे रिअ‍ॅक्टरचे नंबर) की हूटर वाजतो. पॅनेलवाल्याने बटण दाबून तो गप्प करायचा, पडद्याकडे बघायचं, काय झालं आणि काय करायचं ते वॉकीटॉकीवर मोठ्याने सांगायचं. बाहेर प्लँटमध्ये उभा असलेला माणूस तेच शब्द परत म्हणतो. परत म्हटल्याशिवाय सांगितलं असं आमच्याकडे धरत नाहीत. घरी आईने फोनवर “दूध आण” म्हटलं तरी माझ्या तोंडून “दूध आणते” असं निघतं. तिला वाटतं मी आज्ञाधारक झाले आहे.

जूनमध्ये चिल्हार रस्त्यावर प्रदीपची मोटरसायकल घसरली. डोक्याला मार. आता हात, पाय, नजर सगळं ठीक. फक्त शब्द उशिरा येतात. ओळखीची वस्तू समोर असते आणि तिचं नाव सापडत नाही. डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली, पण कुठल्या कामावर ते कंपनीवर सोडलं. सध्या तो गेटवर आहे, येणाऱ्या टँकरच्या पावत्या बघतो.

त्याला पॅनेलवर परत घ्यायचं की गेटवर कायम करायचं, हे ठरवायला तिघांची समिती आहे. वर्क्स मॅनेजर चुरी साहेब, एचआरच्या एक बाई आणि तांत्रिक मत देण्यासाठी मी. माझं काम उपकरणं आणि नियंत्रण यंत्रणा. ऑक्टोबरमध्ये आम्ही त्याला साहेबांच्या केबिनमध्ये बसवून प्रश्न विचारले होते. प्रश्न मी काढले. कुठला व्हॉल्व्ह काय करतो, त्याला काय म्हणतात : फीडचा, म्हणजे आत जाणाऱ्या कच्च्या मालाचा, की जॅकेटचा, म्हणजे बाहेरून थंड पाणी फिरवणाऱ्या कवचाचा. निम्म्या वेळा तो अडकला, कपाळ पुसत राहिला. माझं लेखी मत महिनाअखेरीपर्यंत द्यायचं आहे.

टीममध्ये त्याला केदारने ओढलं. केदार देखभाल विभागात आहे. त्याचं म्हणणं, डोकं हे पंपासारखं असतं, बंद ठेवलं की जाम होतं. हे वैज्ञानिक नाही.

मला मनापासून वाटतं ते इथे लिहायला हरकत नाही. प्रदीप चांगला माणूस आहे. पण तापमान चढत असताना शब्द शोधणारा माणूस मला त्या खुर्चीत नको. बाहेर उभा असलेला माणूस त्या शब्दाची वाट बघत असतो.

आज दुपारी तो नियंत्रण कक्षाच्या काचेबाहेर उभा दिसला. पावतीवर सही हवी होती म्हणे. सही गेटवरच होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल दुसरा गुरुवार. (शुक्रवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी, म्हणून भाग्येशने गुरुवार धरला आहे. भाग्येश म्हणजे ‘दर्याराज’चा मालक. स्वतःच प्रश्न विचारतो, स्वतःच शिट्टी वाजवतो आणि मध्येच स्वयंपाकघरात जाऊन ओरडतो.) पहिल्या तीन गुरुवारांचे गुण एकत्र धरायचे, वरची दोन टेबलं चौथ्या गुरुवारी अंतिम फेरीत. जिंकणाऱ्यांच्या नावाची पितळी पाटी वर्षभर टेबलावर आणि ते टेबल दर गुरुवारी राखीव. टेबल नंबर चार खिडकीशी आहे, म्हणून केदारला ते हवं आहे.

सपनाने नियम केला : प्रदीपचं उत्तर प्रदीपच देणार. कोणी शब्द पुरवायचा नाही. केदारला तोंड आवरत नाही म्हणून तिने त्याच्या शेजारी बसून चिमटे काढायची व्यवस्था केली.

परिणाम : दोन प्रश्न वेळेत न लिहिल्यामुळे गेले. माझ्या मते हा नियम महाग आहे.

त्यानंतरचा प्रश्न राज्यफुलाचा होता. प्रदीप म्हणाला, “आमच्या नदीकाठी हाय. जांभळं. उन्हाळ्यात पानं करपतात तवा हा फुलतो. ते… ते…” शेजारच्या टेबलावर त्याच्याच गेटवरचा सुजित बसला होता. तो ओरडला, “काय रे परदीप, रेंज नाय का?”

“टॉवर हाय रे, सिम तुझं निघालं,” प्रदीप म्हणाला. त्याच दमात वळून मला म्हणाला, “ताम्हण. लिवा मॅडम, ताम्हण.”

मी लिहिलं. भाग्येशची शिट्टी त्याच क्षणी वाजली.

एक गोष्ट नोंदवायची आहे, अर्थ कळलेला नाही. सुजितला उत्तर देताना तो अजिबात अडखळला नाही. शब्द शोधायला लागला की अडखळतो.

शून्याखाली चाळीस अंशांना सेल्सियस आणि फॅरेनहाइट सारखेच असतात, हे मी सांगितलं. केदारने टाळीसाठी हात वर केला. मला वाटलं त्याला पेन्सिल हवी आहे. दिली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चुरी साहेबांनी विचारलं, “मत तयार आहे का?”

“तीस तारखेपर्यंत देते.”

“मॅडम, भावना नको. पोरगा चांगलाय, मलाही माहितीये. हाताखाली वाढलाय आमच्या. पण उद्या काही झालं तर सही तुमची आणि माझी.”

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी मसुदा केला : “सद्यस्थितीत पॅनेलच्या कामासाठी शिफारस करता येत नाही.” एक वाक्य. वाचून बघितलं, चूक सापडली नाही. पाठवलं नाही.

आईचा फोन. गुरुवारी कुठे असतेस, फोन लागत नाही म्हणाली. कंपनीचा कार्यक्रम असतो असं सांगितलं. ती कराडला असते, तिथे एवढं पुरतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

काल आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. दुसऱ्या क्रमांकाने, एका गुणाने. तो गुण राज्यमाशाचा. भाग्येशने प्रश्न पूर्ण करायच्या आत सपना उभी राहिली. “पापलेट! लिही. आनि कुठलं विचारलं तर सातपाटीचं लिही.” केदारने हळूच विचारलं, नक्की का? सुरमई नसेल? ती त्याच्याकडे बघत राहिली. “माहीमच्या पोरीला मासा विचारतो. तू नाशकात द्राक्षं मोज.” (केदार मूळचा नाशिकचा.)

समोर येणार आहेत अणुऊर्जा वसाहतीतली मुलं. टीमचं नाव ‘क्रिटिकल मास’. दर गुरुवारी अभ्यास करून येतात. आमच्या टीमला नावच नव्हतं, भाग्येशने फळ्यावर ‘टेबल ४’ लिहिलं आहे.

आज सुट्टी, म्हणून दुपारी कुंभवलीला प्रदीपच्या खोलीवर गेले. कारण : समितीच्या कामासाठी प्रत्यक्ष पाहणी. सपना म्हणाली, “पाहणीला जाताना हातात काहीतरी ने.” चिकू नेले. प्रदीपच्या बायकोने, स्नेहाने, चहा केला. प्रदीप खाटेवर बसून त्याच्या आईशी फोनवर बोलत होता. आई विक्रमगडपलीकडच्या पाड्यावर असते. फोनचा आवाज मोठा होता, सगळं ऐकू येत होतं.

“गेटवर बसाचा तं घरी ये. नागलीला मानूस नाय.”

“येन गो आये, पाव्हनी आलीय, ठेव.” मग मला म्हणाला, “आईला वाटतं गेट म्हणजे पोरगं उन्हात उभा केलाय.”

“गेटवर त्रास आहे का?”

“त्रास नाय मॅडम. सावली हाय, पंखा हाय.” तो थांबला. या वेळी शब्द शोधत नव्हता. “पाड्यावर मी एकटाच पॅनेलवाला. आयटीआय केलेली चार पोरं माझ्यामागं आली, मी त्यांना बोलतो, शिका, खुर्ची मिळते. आता ती पोरं माझ्या हातात पावती देतात. दादा, सही.”

मी चहा संपवला.

निघताना स्नेहा रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, “मॅडम, एक विचारू? कुठल्या कंपनीचा भोंगा वाजला तर हे झोपेत उठून बसतात. हात असा भिंतीवर मारतात. एकदम बरोबर, एकाच जागी. मग बडबडतात. डागतरला सांगू का?”

सांगा म्हटलं. झोपेवर परिणाम, ही नवी बाब आहे. मत लिहिताना धरावी लागेल. त्याच्या बाजूने नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मसुद्यात दुसरं वाक्य घातलं : “झोपेत अस्वस्थता असल्याचं कुटुंबीयांकडून कळतं.” मग काढलं. ते मला घरी चहा पिताना सांगितलेलं होतं. मग परत घातलं, कारण माहिती ती माहिती.

सपनाला दाखवलं. तिने वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि दिवसभर बोलली नाही. ही पद्धत तिच्या चिमट्यांपेक्षा जास्त लागते.

केदारने विचारलं, पुढच्या शुक्रवारी केळव्याला येतेस का, किनाऱ्यावर. काम काय ते सांगितलं नाही. विचारायला हवं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळचे आठ. रात्री लिहिलं नाही, डोकं शांत नव्हतं. आता लिहिते. मुद्दे घालून लिहायला घेतलं होतं, जमलं नाही.

फॅमिली रूम भरली होती. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून भाग्येशने बिअरची क्रेट्स उलटी घातली होती. अंतिम फेरीसाठी दोन्ही टेबलांवर एकेक घंटा ठेवलेली, हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून दाबायची. नियम : प्रश्न पूर्ण झाल्यावर जो आधी दाबेल त्याचं उत्तर. प्रश्नाच्या आधी दाबली तर तो प्रश्न दुसऱ्या टेबलाचा. घंटा कोणाकडे द्यायची यावर आमच्यात बोलणं झालं. मी म्हटलं, सपना, तिचा हात चपळ आहे. सपनाने घंटा उचलून प्रदीपसमोर ठेवली. “हात याचा चांगला हाय. तोंड आपलं वापरू.”

“हरलो तर?” प्रदीप म्हणाला.

“हरलो तर केदारचं नाव सांगू.”

केदार म्हणाला, चालेल, त्याला सवय आहे.

सामना चांगला झाला. पालघर जिल्हा कोणत्या साली झाला ते प्रदीपने घंटा दाबून स्वतः सांगितलं, दोन हजार चौदा. क्रिकेटचे दोन केदारने चुकवले, एक बरोबर दिला आणि त्याचा आनंद तिन्हींएवढा केला. मी दोन दिले. सपनाने एका जुन्या गाण्याचा प्रश्न गाऊनच सोडवला. शेवटचा प्रश्न राहिला तेव्हा दोन्ही टेबलं बरोबरीत होती.

भाग्येश म्हणाला, “मंडळी, आता शेवटचा. आणि शेवटच्या प्रश्नाला शोभेल असा बँड आणलाय मी.” तो टेबलाखाली वाकला. नंतर कळलं की तिथे भंगारवाल्याकडून आणलेला कारखान्याचा हूटर होता. खरा, रंग उडालेला. याआधी कोणालाही त्याने सांगितलं नव्हतं.

त्याने बटण दाबलं.

तो आवाज बंद खोलीसाठी केलेला नसतो. एक बाई किंचाळली. मागे कुंभवलीची मंडळी बसली होती, ती एकदम उभी राहिली, एकाने नाकाला रुमाल लावला आणि दुसरा ओरडला, “वारा कुठला हाय?” एक जण खिडकी लावायला धावला. कारखान्यांना लागून राहणाऱ्यांना हूटर म्हणजे वायुगळती. हे सगळं मी नंतर आठवून लिहिते आहे. त्या क्षणी मी फक्त आमच्या टेबलाकडे बघत होते.

प्रदीपचा तळहात घंटेवर होता. हूटर नीट सुरू व्हायच्या आतच तो तिथे पोहोचला होता. मान वर, नजर भिंतीवरच्या टीव्हीकडे, जिथे दोन्ही टेबलांचे गुण लाल अक्षरांत लुकलुकत होते. आणि तो मोठ्याने, सरळ, एका दमात म्हणाला :

“आर-तीन, तापमान चढतंय. फीड बंद. जॅकेटला पाणी पूर्ण सोड. बाहेर कोण हाय, आवाज दे.”

“फीड बंद,” मी म्हटलं.

“पाणी पूर्ण,” केदार म्हणाला.

मी का म्हटलं ते मला माहीत नाही. बारमध्ये फीड नव्हतं.

भाग्येशने हूटर थांबवला. सगळी खोली हसायला लागली. सुजित क्रेटवरून पडला. भाग्येशही हसत होता, पण नियम नियम म्हणून त्याने हात वर केला. “टेबल चार, प्रश्नाआधी घंटा! प्रश्न वसाहतीला. सूर्यमालेतला सगळ्यात तप्त ग्रह कोणता?”

“शुक्र,” त्यांच्यातली मुलगी म्हणाली.

“हे तर मलापण येत होतं,” केदार म्हणाला.

पाटी त्यांची. टेबल त्यांचं.

प्रदीप हात घंटेवरून काढायला विसरला होता. सगळे हसत होते आणि तो त्या हाताकडे बघत होता. सपना त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी बोलत होती. वसाहतीच्या टीममधला एक उंच मुलगा आमच्या टेबलापाशी आला आणि वाकून त्याला म्हणाला, “भैया, हाथ तो मेरा भी उठा था. बस, आप पहले निकले.” त्याने हात मिळवला. प्रदीपने मिळवला, पण चेहरा तसाच.

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. “प्रदीपदादा, परत म्हणा.”

“काय मॅडम?”

“हूटर वाजल्यावर काय म्हणालात ते. तेच शब्द.”

त्याने डोळे मिटले. “आर-तीन… ता… वर जातंय. ते… बंद. फी…” कपाळाला घाम आला. केबिनमधला चेहरा परत आला. “नाय येत. बगा. हरवलं मी तुमाला, आनि आता तेपण नाय येत.”

सपनाने माझ्या हाताला धरलं, जोरात. ती रागावली होती. मला तिला सांगायचं होतं की मी त्याला छळत नव्हते. पण माझ्या डोक्यात गोष्टी जागेवर बसत होत्या आणि अशा वेळी मला बोलता येत नाही.

केदारने सोडलं. वाटेत मी म्हटलं, “त्याची परीक्षा आपण चुकीच्या उपकरणाने घेतली.”

“म्हणजे?”

“थर्मामीटरने दाब मोजला.”

त्याने मोटरसायकल खोलीसमोर थांबवली. मी उतरल्यावर म्हणाला, “तू ‘आपण’ म्हणालीस.”

व्याकरणाने दुसरं काय म्हणणार होते?

शनिवार, २९ नोव्हेंबर

काल दुपारी प्रदीपचा ग्रुपवर मेसेज आला : “मी पुढच्या वेळी नाय. माझ्यामुळं गेलं.” सपनाने लगेच सतरा रडके चेहरे पाठवले. मी कुंभवलीला गेले. या वेळी पाहणी नाही. चिकू पुन्हा नेले, कारण मागच्या वेळी आवडले होते.

प्रदीप घराबाहेर स्टुलावर बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं.

“ऑक्टोबरमध्ये केबिनमध्ये मी तुम्हाला नावं विचारली. पॅनेल कधी नावं विचारतं का?”

त्याने विचार केला. “नाय.”

“पॅनेल काय करतं?”

“ओरडतं.”

“काल ते ओरडलं. तुमचा हात किती वेळात गेला ते मी पाहिलं. आणि जे बोललात त्यात क्रम बरोबर होता. आधी फीड, मग पाणी. घाबरलेला माणूस आधी पाणी सोडतो.”

“तो बार होता मॅडम.”

“हो. म्हणून हा पुरावा नाही. कदाचित एकदाच जमलं असेल. कदाचित दहापैकी चार वेळा जमेल, आणि मग मी ‘नाही’च लिहीन. हे आधी सांगते.”

स्नेहा दारात उभी होती. मी तिला विचारलं, “हे भिंतीवर हात मारतात, मग बडबडतात म्हणालात. काय बडबडतात?”

“मला काय कळतं ते? आर-तीन, आर-पाच… रोज तेच. आनि मग बोलतात, बाहेर कोण हाय.” ती प्रदीपकडे न बघता म्हणाली, “मी बोलते, मी हाय. मग झोपतात.”

प्रदीपला हे माहीत नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, आणि हसताना त्याने तोंड फिरवलं.

मग आम्ही चाचणीचं बोललो : प्लँट देखभालीसाठी बंद असताना पॅनेलवर खोटे अलार्म, हूटर खरा. मी म्हटलं, नापास झालात तर गेट कायम होईल, कारण मग मला लिहावंच लागेल. आत्ता चाचणी न घेता नुसता वेळ मागता येईल, तोही मार्ग आहे. तुम्ही ठरवा.

त्याने वेळ घेतला. मी शब्द पुरवला नाही.

“हूटर लावा,” तो म्हणाला.

आज सकाळी सपना आणि केदारला चहाच्या टपरीवर साहेबांच्या पत्राचा नवा मसुदा वाचून दाखवला. झोपेचं वाक्य काढून टाकलं आहे. सपना म्हणाली, “बार कशाला लिवतेस? सार्वजनिक ठिकाण लिव.” मी म्हटलं, बार होता. केदार म्हणाला, बाहेरचा माणूस म्हणून तो उभा राहील, तीन दिवस, शुक्रवारची सुट्टी धरून. मग म्हणाला, म्हणजे शुक्रवारचं केळवं संध्याकाळी करावं लागेल. मी म्हटलं, ठीक आहे, पण तिथे काम काय आहे? सपना चहा सांडेपर्यंत हसली. काम काय ते अजून कळलेलं नाही.

आईला सांगितलं की गुरुवारचा कार्यक्रम बारमध्ये असतो आणि मी सोडा पिते. सोडा कुठला ते तिने विचारलं. मग विचारलं, “जिंकलात का?”

“नाही. आमची टीम दुसरी आली.”

पाठवलेलं पत्र इथे उतरवून ठेवते.

चुरी साहेब,

प्रदीपच्या कामाबाबत माझं मत उद्यापर्यंत द्यायचं होतं. ते मी आज देऊ शकत नाही. कारण असं :

ऑक्टोबरमध्ये आपण त्याची तोंडी परीक्षा घेतली. प्रश्न मी तयार केले होते. त्या प्रश्नांनी माणसाला नावं किती लवकर आठवतात ते कळतं. हूटर वाजल्यावर तो काय करतो ते कळत नाही, आणि पॅनेलवर तेच लागतं. प्रश्न निवडण्यातली ही चूक माझी आहे.

गुरुवारी ‘दर्याराज’ बारमधल्या प्रश्नमंजूषेत अचानक खरा हूटर वाजवला गेला. प्रदीपने सर्वांत आधी हात टाकला आणि आर-तीनसाठीच्या सूचना योग्य क्रमाने, न अडखळता दिल्या. नंतर तेच शांतपणे सांगायला लावल्यावर तो अडखळला. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत आणि दोन्ही कळवते आहे. यावरून तो योग्य आहे असं मी म्हणत नाही. चाचणी घेण्याइतकं कारण आहे, असं म्हणते.

बुधवार, ३ डिसेंबरपासून प्लँट वार्षिक देखभालीसाठी बंद आहे. रिअ‍ॅक्टर रिकामे असतील. माझ्या टेबलावरच्या संगणकावरून मी पॅनेलवर खोटे अलार्म देऊ शकते, हूटर खरा वाजेल. तीन दिवस, कधीही, न सांगता. शेजारी नेहमीचा पॅनेलवाला बसलेला असेल. बाहेरून उत्तर द्यायला देखभाल विभागातले केदार तयार आहेत. प्रदीपची संमती आहे. निकाल विरुद्ध गेला तर काय होईल, हे त्याला मी सांगितलं आहे.

प्रदीप आणि मी प्रश्नमंजूषेत एकाच टीममध्ये आहोत, हे आपल्याला माहीत असावं. म्हणून गुण मी देऊ नयेत. ते आपण स्वतः द्यावेत, अशी विनंती.

अलार्म तयार करायला मला बंदच्या आधीची रात्र लागेल. कृपया मंगळवार, २ डिसेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवावं.

समिधा
उपकरण विभाग